गाडीतल्या कॅम्पिंगसाठी शेगडी आणि ग्रिल: गोव्यात नेमकं काय घ्यावं?

माड_आणि_मोगरा

नमस्कार मंडळी,

आम्ही म्हापशाला राहतो. घरात पाच माणसं: मी, नवरा, दोन मुलं (११ आणि ७ वर्षं) आणि सासूबाई. गेल्या वर्षी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत दोनदा गाडीत तंबू टाकून सांग्याकडे ओळखीच्यांच्या कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) राहून आलो. दोन्ही वेळा तीन दगडांची चूल मांडली. लाकडं दमट, धूर डोळ्यांत, आणि सकाळचा पहिला चहा साडेनऊला. सासूबाईंना दमा आहे. दुसऱ्या वेळी त्या जेवण होईपर्यंत गाडीत काच लावून बसल्या, ते मला फार लागलं. म्हणून या वर्षी चूल नाही, शेगडी घ्यायची असं ठरवलंय.

माझा भाऊ न्यू जर्सीत असतो. गणपतीला आला तेव्हा माझ्यासाठी कोलमनचा दोन बर्नरचा प्रोपेन स्टोव्ह घेऊन आला. कोरा करकरीत. ब्रीफकेससारखा उघडतो, वारा अडवायला तिन्ही बाजूंनी पत्रे. पण त्याला लागते ती प्रोपेनची हिरवी बाटली म्हापसा, पणजी, मडगाव, कुठेच मिळाली नाही. एका दुकानदाराने सांगितलं, घरच्या सिलिंडरला जोडून देतो, नळी टाकली की झालं. मन धजावलं नाही.

तर विचारायचंय ते असं. हा स्टोव्ह इथे वापरता येईल का? नाही तर काय घ्यावं? छोट्या कॅनची शेगडी पाच माणसांना पुरते का, की ५ किलोचा सिलिंडर घ्यावा? आणि मुलांना बांगडे भाजून हवेत, तर शेगडी आणि ग्रिल एकत्र असलेलं यंत्र घ्यावं की वेगवेगळं? गाडी लहान आहे, डिकी तंबू आणि गाद्यांनीच भरते.

---

पेडण्याचा_वारा

बाकीचे शेगडीबद्दल सांगतीलच. मी आधी जागेबद्दल सांगतो, कारण पुष्कळ लोक शेगडी घेतात आणि थेट केरी नाहीतर मोरजीचा किनारा गाठतात.

गोव्यात पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करायला बंदी आहे. २००१च्या पर्यटनस्थळ संरक्षण कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, तेव्हा एकट्या माणसाला २,००० आणि गटाला १०,००० रुपये दंड ठेवला. २०२२च्या अखेरीस पर्यटन खात्याने पुन्हा आदेश काढला, त्यात दंड ५,००० पासून ५०,००० पर्यंत गेला. गॅस असो, कोळसा असो, चूल असो. किनाऱ्यावर वाळूत गाडी घालणं हाही गुन्हाच. मोरजी, आश्वे-मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे तर थंडीत कासवं अंडी घालायला येतात, तिथे रात्री उजेडसुद्धा नको.

तुम्ही कुळागरात जाताय, मालकाच्या परवानगीने, हे उत्तम. तसंच करा.

---

एडिसनकर

ताई, मी तुमच्या भावाच्याच राज्यात राहतो आणि तसाच स्टोव्ह नऊ वर्षं वापरतोय, म्हणून लिहितो.

इथे ती हिरवी बाटली किराणा दुकानातही मिळते. आत ४६५ ग्रॅम प्रोपेन. दोन बर्नर, प्रत्येकी साधारण १०,००० बीटीयू (आचेच्या ताकदीचं माप), म्हणजे जवळपास २.९ किलोवॅट. इथे सगळे प्रोपेनच वापरतात त्याला कारण थंडी. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत उकळतो, साधा ब्युटेन उणे अर्ध्या अंशालाच थांबतो, आणि आतला द्रव उकळून वाफ झाली तरच बर्नरला गॅस मिळतो. ऑक्टोबरच्या शेवटी आम्ही डोंगरात जातो तेव्हा पहाटे पाण्यावर बर्फाची साय असते. एकदा मित्राने कॅनची ब्युटेन शेगडी आणली होती. कॅन भरलेला, हलवला की आत खुळखुळ ऐकू येई, आणि आच मात्र पणतीएवढी. शेवटी त्याने कॅन जॅकेटच्या आत धरून ऊब दिली.

गोव्यात हा प्रश्नच नाही. तुमच्याकडे जानेवारीच्या पहाटे चोर्ल्याच्या घाटातसुद्धा ब्युटेन मजेत उकळेल. म्हणजे ज्या गुणासाठी आम्ही इथे प्रोपेनचे पैसे मोजतो, त्याची तुम्हाला गरज नाही. हा स्टोव्ह चांगलाच आहे, पण तो दुसऱ्या हवेसाठी बनवलाय.

बाटली विमानातून आणायचा विचारही करू नका. भरलेली असो वा अर्धी, कुठल्याच सामानात चालत नाही.

---

भरणी_ते_बर्नर

मी यंत्र अभियंता. नोकरीची २६ वर्षं गॅस भरण्याच्या कारखान्यात गेली, आता निवृत्त, मुक्काम फोंडा. या धाग्यावर सविस्तर लिहायलाच हवं, कारण त्या दुकानदाराचं वाक्य मी अनेक ठिकाणी ऐकलंय आणि दर वेळी पोटात गोळा येतो.

सगळा खेळ दाबाचा आहे. ३० अंश तापमानाला बंद भांड्यात शुद्ध प्रोपेनचा दाब वातावरणाच्या साधारण साडेदहापट असतो. ब्युटेनचा जेमतेम पावणेतीनपट. आपल्या घरच्या सिलिंडरात या दोन्हींचं मिश्रण असतं, त्यामुळे त्याचा दाब मधे कुठेतरी. म्हणून प्रोपेनची बाटली जाड पोलादाची, आणि ब्युटेनचा २२०-२३० ग्रॅमचा कॅन पातळ पत्र्याचा, अत्तराच्या फवाऱ्यासारखा. ज्याला जेवढा दाब सोसायचा, तेवढाच पत्रा.

आता तुमचा स्टोव्ह. त्याच्या नळीच्या तोंडाशी स्वतःचा रेग्युलेटर असतो. तो बाटलीचा दाब उतरवतो खरा, पण आपल्या घरच्या रेग्युलेटरइतका खाली आणत नाही. घरचा रेग्युलेटर गॅस फार हलक्या दाबाने सोडतो, साधारण ३० मिलिबार. तुमच्या स्टोव्हच्या जेटचं (बर्नरमध्ये गॅस सोडणाऱ्या तोटीचं) भोक जास्त दाबासाठी बारीक ठेवलेलं आहे. म्हणून घरचा रेग्युलेटर लावून नळी जोडली तर आच मरतुकडी येईल, चहाला पाऊण तास. मग तोच दुकानदार म्हणेल, रेग्युलेटर काढून टाकू, थेट जोडू. तिथे धोका सुरू होतो. नळीत सिलिंडरचा पूर्ण दाब येतो. घरची नारिंगी सुरक्षा नळी त्यासाठी नाही. कुठल्या तरी लेथवर कातून घेतलेला पितळी जोड त्या दाबाला धरेल याची खात्री कोण देणार? शिवाय घरगुती जोडणीचा १४.२ किलोचा सिलिंडर घराबाहेर असा वापरणं नियमातही बसत नाही.

माझं स्पष्ट मत: तो स्टोव्ह इथे जोडू नका. भावाचा मान राखून जपून ठेवा, नाहीतर तो परत नेईल तेव्हा त्याला द्या.

इथे सरळ मार्ग दोन आहेत. एक, कॅन आडवा बसवायची एका बर्नरची शेगडी, जिला लोक बार्बेक्यूवाली किंवा कॅनवाली शेगडी म्हणतात. दोन, ५ किलोचा सिलिंडर आणि त्यावर चालणारी दोन बर्नरची साधी आयएसआय शिक्क्याची शेगडी. ५ किलोचा सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय, फक्त ओळखपत्रावर मिळतो. इंडियन ऑइलने त्याला छोटू नाव दिलंय. पेट्रोल पंपांवर, काही किराणा दुकानांतही असतो. बाजारात दोन-तीन किलोचे रंगवलेले बेनाव सिलिंडर मिळतात, कोपऱ्यावर कुणीही भरून देतो, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

सिलिंडर घेताना वरच्या कड्याच्या आतल्या पट्टीवर अक्षर आणि आकडा बघा. A म्हणजे जानेवारी ते मार्च, B एप्रिल ते जून, C जुलै ते सप्टेंबर, D ऑक्टोबर ते डिसेंबर, पुढे वर्ष. ती त्याच्या पुढच्या चाचणीची मुदत. उलटून गेली असेल तर घेऊ नका.

---

माड_आणि_मोगरा

काका, देव बरें करूं. पहिल्यांदा कुणीतरी कारण सांगितलं, नुसतं "नको" नाही म्हटलं. भावाला मी आजच फोन करते.

पण मग पाच माणसांना कॅनची शेगडी पुरेल का? किती कॅन न्यावे लागतील?

---

भरणी_ते_बर्नर

हिशेब करू. २२५ ग्रॅम ब्युटेनमध्ये जवळजवळ २.८ किलोवॅट-तास उष्णता असते. शेगडी २.५ किलोवॅटची असेल आणि आच पूर्ण ठेवली तर कॅन तास-सव्वातास जातो. पण पूर्ण आचेवर आपण क्वचितच रांधतो.

एक लिटर पाणी २८ अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला, अर्धी उष्णता हवेत जाते असं धरलं, तर १३ ते १५ ग्रॅम गॅस लागतो. वारा असेल तर जास्त. आता तुमचा दिवस: सकाळचा दीड लिटर चहा २० ग्रॅम, भात ४०, हुमण (माशाची आमटी) ४०, मासे तळणं ४०, सासूबाईंना आणि मुलांना हातपाय धुवायला तीन लिटर गरम पाणी ४५, संध्याकाळचा चहा २०. झाले २०० च्या आसपास. म्हणजे दिवसाला एक कॅन. दोन रात्रींच्या मुक्कामाला दोन, वर एक राखीव. तीन कॅन डिकीच्या कोपऱ्यात मावतात. ५ किलोच्या सिलिंडरात असे २२ कॅन मावतील एवढा गॅस आहे, पण दोन रात्रींसाठी तेवढा लागत नाही, आणि पोलादी सिलिंडरचं ओझंही असतं. तुम्ही महिन्यातून एकदा जाणार असाल तर कॅन. दहा-बारा माणसं, आठवडाभर मुक्काम असेल तर सिलिंडर.

खोक्यावरचा बीटीयूचा आकडा बघून भुलू नका. ३,४१२ बीटीयू म्हणजे एक किलोवॅट, एवढं लक्षात ठेवून भागा. आकडा मोठा असून पातेल्याखाली वारा घुसत असेल तर उपयोग नाही. दुकानात दोन गोष्टी हाताने बघा. पातेलं ठेवायचे काटे रुंद आणि स्थिर आहेत का. आणि आच अगदी मंद करता येते का, की एका टोकाला भडका आणि दुसऱ्या टोकाला विझते. भात या दुसऱ्या गोष्टीवर बिघडतो.

---

हायवे_६६

कॅन महाग पडतात ना? ऑनलाइन एक छोटा पितळी अडॅप्टर मिळतो, त्याने घरच्या सिलिंडरातून रिकामा कॅन पुन्हा भरता येतो. माझ्या ओळखीचे दोघंतिघं भरतात. कुणाला अनुभव?

---

भरणी_ते_बर्नर

भाऊ, कृपा करून हे करू नका, आणि त्या दोघातिघांनाही आज सांगा.

वर दाबाचे आकडे दिलेत ते पुन्हा वाचा. तो कॅन ब्युटेनसाठी आहे. घरच्या गॅसमध्ये प्रोपेन मिसळलेला असतो, म्हणजे तुम्ही पातळ पत्र्याच्या डब्यात त्याला न झेपणारा दाब भरताय. दुसरं, कॅन कधीही काठोकाठ भरलेला नसतो, वर वाफेला जागा सोडलेली असते. द्रव तापला की फुगतो. घरी भरताना ती जागा किती राहिली हे तुम्हाला कळत नाही. तिसरं, एकदाच वापरायच्या कॅनची झडप पुन्हा पुन्हा बसवायला केलेली नसते, ती पाझरायला लागते. हा गॅस हवेपेक्षा जड, ब्युटेन तर दुप्पट. पाझरला तर वर उडून जात नाही, डिकीत तळाला साचतो. मग कुणीतरी दार उघडतं, दिव्याची ठिणगी पडते.

मी असे हात भाजलेले बघितलेत. अजून डोळ्यांसमोरून जात नाहीत.

---

हायवे_६६

समजलं काका. अडॅप्टर मागवला होता, रद्द केला. त्या मित्रांनाही हा धागा पाठवतो.

---

कुळागरातली

कॅनच्या शेगडीबद्दल आमच्यावर ओढवलेला प्रसंग सांगते, मोगराताईंनी वाचावाच.

दोन वर्षांपूर्वी खोतीगावच्या बाजूला मामेबहिणीच्या घरी गेलो होतो. अंगणात कॅनची शेगडी लावली. घावन करायचे म्हणून मी घरातला मोठा बिडाचा तवा नेला होता. तवा इतका रुंद की शेजारच्या कॅनच्या कप्प्यावरही आला. वाऱ्यासाठी नवऱ्याने शेगडीला लागून पत्राही उभा केला. सात-आठ घावन झाले असतील, आणि "टक्" असा आवाज होऊन आच विझली. नवऱ्याने खटका पुन्हा खाली दाबला, पेटवली. पाच मिनिटांत पुन्हा टक्. तिसऱ्यांदा दाबायला गेला तेव्हा मी कप्प्याचं झाकण उघडायला हात लावला आणि झटकन मागे घेतला. कॅन एवढा तापला होता.

नंतर माहीतगारांकडून कळलं की आतला दाब वाढला की कॅन आपोआप सुटावा अशी सोय चांगल्या शेगडीत असते, तेच आम्हाला दोनदा सांगत होतं. आम्ही दोनदा ते मोडून काढलं. अंगणात मुलं बसली होती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

म्हणून चार गोष्टी. तवा शेगडीच्या चौकटीपेक्षा मोठा नको. दोन शेगड्या चिकटवून वर एकच मोठा तवा कधीच नको. वाऱ्याचा आडोसा करायचा तर हातभर लांब. आणि घेताना ही आपोआप सुटायची सोय आहे का ते विचारून घ्या, स्वस्तातल्या काहींत नसते.

---

सुंगटां_सोलकढी

आता मासे! ग्रिलवर अजून कुणीच बोललं नाही. मी मडगावची, वर्षात सहा-सात वेळा गाडी घेऊन बाहेर पडतो आणि भाजायचं काम माझ्याकडे असतं.

मोगरा, शेगडी आणि ग्रिल एकत्र असलेलं यंत्र घेऊ नकोस. मी घेतलं होतं, तीन फेऱ्यांनंतर देऊन टाकलं. अर्ध्या भागात बर्नर, अर्ध्या भागात जाळी, त्यामुळे दोन्ही अर्धवट. जाळीवर दोन बांगडे मावतात, तिसरा शेपटी बाहेर काढून बसतो. माशाचं तेल आणि मसाला खाली बर्नरवर गळतो, भोकं बुजतात, आच एका बाजूने पिवळी होते. आणि धुवायचं म्हटलं तर तीच जड वस्तू पूर्ण उचलून विहिरीवर न्यायची. चहाला सुद्धा बांगड्याचा वास.

गॅसवर मासा करायचा तर तवाच. बिडाचा, लहान, शेगडीच्या चौकटीत बसेल असा, म्हणजे आठ-नऊ इंची. आधी पाच-सहा मिनिटं मध्यम आचेवर तापू दे, मग खोबरेल तेल, मग मासा. एकदा घातला की हात लावायचा नाही. खालची बाजू सुटली की तो आपणहून सांगतो, उलथनं अलगद आत जातं. चिकटतोय म्हणजे घाई झाली. इसवणाच्या (सुरमईच्या) तुकड्या, सुंगटां (कोळंबी), चणकाचे (जिताड्याचे) काप, सगळं तव्यावर होतं.

बांगडा अख्खा भाजायचा असेल तर मात्र कोळसा, आणि त्यासाठी वेगळी घडीची जाळी. पायांची घडी होते, चपटी होऊन गादीखाली जाते. आपल्याकडे करवंट्या फुकट आहेत. त्या पेटवल्या की आधी मोठा भडका आणि धूर येतो, त्या वेळी मासा घालायचा नाही, तिथेच सगळे चुकतात. भडका बसला, करवंटी लाल होऊन वर राखेची साय आली की खरी आच. पण ती लवकर ओसरते, म्हणून मी निम्मा लाकडी कोळसा मिसळते. जाळीची एक बाजू निखाऱ्यांवर, दुसरी रिकामी. आधी तापल्या बाजूला दोन्हीकडून रंग आणायचा, मग रिकाम्या बाजूला सरकवून आत शिजू द्यायचा.

रेशाद (तिखट-आंबट लाल मसाला) भरलेला बांगडा थेट जाळीवर टाकलास तर काळा होईल. त्या मसाल्यात साखर असते, ती आधी जळते आणि मासा आत कच्चा राहतो. तो केळीच्या पानात गुंडाळ. पान आधी आचेवर फिरवून मऊ करून घे, नाहीतर फाटतं. पानातला मासा काढला की शेवटी अर्धा मिनिट उघड्या जाळीवर, बस. नुसतं मीठ, हळद आणि लिंबू लावलेला बांगडा मात्र सरळ जाळीवर, तेल पुसून. दोन्ही बाजूंना तिरप्या चिरा द्यायला विसरू नकोस. जाळीही आधी तापव आणि कांद्याचा तुकडा तेलात बुडवून तिच्यावर घास, मासा धरत नाही.

एक अडचण आहे. दम्याला कोळशाचा धूर चालणार नाही. सासूबाई वारा येतो त्या बाजूला बसतील असं बघ, किंवा त्या मुक्कामात फक्त तवा कर. मी असते तर तवाच केला असता.

---

सत्तरीचा_रानवाटा

कोळशाबद्दल मला बोलायचंय.

मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आणि आसपासच्या डोंगरांवर आगी लागल्या तेव्हा आम्ही गावातली पोरं हातात हिरव्या फांद्या घेऊन वर चढलो होतो. हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाणी टाकत होती. कितीतरी दिवस हवेत राख. काजूच्या बागा गेल्या, ज्यांचं वर्षाचं उत्पन्न तेच होतं. त्या आगी कशामुळे लागल्या यावर पुष्कळ वाद झाले, त्यात मी पडत नाही. पण डोंगर किती पटकन पेटतो हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

फेब्रुवारीपासून रानात वाळलेल्या पानांचा घोटाभर थर असतो. काजूची पानं, सुकं गवत. कोळशाची एक ठिणगी वाऱ्याने पाच-सहा हात सहज जाते. अभयारण्यात आग पेटवणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहेच, मोले असो, नेत्रावळी असो. पण हद्दीबाहेरच्या खाजगी जागेतही रान तेच आणि पानं तीच.

माझी विनंती: नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, पाटाचं पाणी फिरतंय अशा ओलसर कुळागरात, झाडलेल्या अंगणात कोळसा पेटवा, शेजारी भरलेली कळशी ठेवून. फेब्रुवारीनंतर फक्त गॅस. निखारे विझवताना पाणी ओतून काठीने ढवळा, पुन्हा ओता, मग हात जवळ नेऊन बघा. वर माती टाकून निघून जाऊ नका, मातीखाली ते सकाळपर्यंत जिवंत राहतात.

---

सुंगटां_सोलकढी

रानवाटा, तुम्ही लिहिलंत ते बरोबर आहे. मी आजवर मातीच टाकत आले. यापुढे नाही.

---

पेडण्याचा_वारा

आणखी एक. पाऊस आला किंवा थंडी वाजली म्हणून शेगडी तंबूत घेऊ नका, निखाऱ्यांची जाळी तर नाहीच नाही, "विझलीच आहे" म्हणूनही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. माणूस झोपेतच जातो. बंद गाडीतही तेच.

---

एडिसनकर

याला माझाही दुजोरा. आमच्या कॅम्पच्या जागांवर प्रत्येक खांबावर ही सूचना लावलेली असते.

---

भरणी_ते_बर्नर

कॅन ठेवण्याबद्दल राहिलं होतं. कॅनवर लिहिलेलं असतं की ५० अंशांच्या वर तापू देऊ नका. गोव्याच्या उन्हात बंद गाडी ६० च्या वर जाते. म्हणून कॅन गाडीत कायमचे ठेवायचे नाहीत. निघताना ठेवायचे, पोचल्यावर आधी ते उतरवून सावलीत. प्रवासात शेगडीतून काढलेले, टोपण लावलेले. कॅन बसवल्यावर तोंडाशी साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा, त्याला अर्धा मिनिट लागतं. गाडीत वास आला तर दिवा, पंखा काही लावू नका, चारी दारं उघडा आणि लांब व्हा. ५ किलोचा सिलिंडर घेतला असता आणि तो गळला असता तर १९०६ वर फोन.

आणि खारी हवा. खटक्याची ठिणगी आपल्याकडे एका पावसाळ्यात दगा देते. साधा लायटर बरोबर हवाच.

---

माड_आणि_मोगरा

मंडळी, काल परत आलो. आल्या आल्या लिहितेय.

शेवटी घेतलं ते असं: कॅनची एका बर्नरची शेगडी, आपोआप सुटायच्या सोयीची, दुकानदाराकडून खटका उघडझाप करून बघितली. आठ इंची बिडाचा तवा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळाला, घरी तीन दिवस खोबरेल लावून तापवला. घडीची जाळी घेतली पण या वेळी नेली नाही. तीन कॅन नेले. त्यांतले दोन संपले आणि तिसरा थोडा वापरला. काकांचा हिशेब जवळपास बरोबर निघाला, मुलांनी आंघोळीलाही गरम पाणी मागितलं म्हणून तेवढं जास्त लागलं.

चहा सव्वासातला झाला. सासूबाई माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसल्या आणि बांगडे त्यांनीच परतले, मला हात लावू दिला नाही. पाच माणसांचे बांगडे आठ इंची तव्यावर दोन-दोन करून होतात, वेळ जातो, जेवण तुकड्या-तुकड्यांनी होतं. पुढच्या वेळी दुसरी तशीच शेगडी घेईन, वेगळ्या दगडावर, लांब ठेवून. दोन बर्नरची मोठी घेण्यापेक्षा ते मला जास्त सोयीचं वाटतं, एकीवर भात आणि एकीवर तवा.

वारा मात्र संध्याकाळी उलटसुलट फिरतो. आडोशाला आम्ही दोन हातांवर गाडीचीच आड घेतली, शेगडी जमिनीवर.

भाऊ डिसेंबरात येतोय, स्टोव्ह परत नेणार आहे. त्याला वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण त्याने एडिसनकरांचा प्रतिसाद वाचून स्वतःच फोन केला.

एक प्रश्न उरलाय. रिकाम्या कॅनचं काय करायचं? दोन घरी आणलेत, हलवले तर आत काहीतरी आहेसं वाटतं.

---

भरणी_ते_बर्नर

वा, छान बातमी दिलीत. गाडी एवढी जवळ होती तर पुढच्या वेळी दोन हातांऐवजी चार-पाच हात लांब राहा, आणि पेट्रोलच्या टाकीची बाजू टाळा.

आत वाटतंय म्हणजे थोडा द्रव शिल्लक आहे. मोकळ्या अंगणात शेगडीला लावून आच आपोआप विझेपर्यंत जळू द्या, वर पातेल्यात पाणी ठेवा म्हणजे वाया जाणार नाही. विझल्यावर दहा मिनिटांनी पुन्हा पेटवून बघा, थोडा आणखी निघतो. मग पंचायतीच्या सुक्या कचऱ्यात द्या, पण नेणाऱ्या माणसाच्या हातात देऊन सांगा की हा गॅसचा कॅन आहे, रिकामा आहे. पिशवीत तसाच टाकू नका, पुढे कुणीतरी तो दाबतो किंवा जाळतो. घरी खिळा मारून भोक पाडायचा प्रयत्नही नको.